जुन्या डिझेल गाडीची ऑईल गळती घरच्या घरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात इंडिका, सुमो, बोलेरो, क्वालिस, पहिली इनोव्हा आणि २००७ नंतरची डिझेल स्विफ्ट अजून रोजच्या कामाला आहेत. उसाच्या हंगामात शेतावर, लग्नसराईत कोल्हापूर-गोव्याला, एरवी बाजाराला. गाड्या दणकट आहेत, पण वय झालंय आणि ऑईल गळतंय. खालची उत्तरं अशा माणसासाठी आहेत, ज्याने निदान ऑईल-फिल्टर स्वतः बदललाय, ज्याच्याकडे बऱ्यापैकी पाने आहेत आणि ज्याची एखादा रविवार घालवायची तयारी आहे.

सकाळी गाडीखाली काळा डाग दिसतो. घाबरायचं का?

डागावरून गळतीचा अंदाज बांधू नका, डाग फसवतो. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. रात्रभरात दहा थेंब पडले, तरी महिन्याला पंधरा मिलिलिटर. फरशी मात्र तेवढ्यात पार खराब दिसते आणि घरात बोलणी बसतात. उलट इंजिन चालू असताना ऑईल दाबाने फिरत असतं, हमरस्त्याच्या वेगाला तीन-चार बारपर्यंत. दाबाच्या बाजूचा एखादा वायसर सैल असेल तर उभी गाडी एक थेंब टाकणार नाही, आणि बेळगावहून निपाणी गाठेपर्यंत पाव लिटर रस्त्यावर सांडलेलं असेल.

म्हणून मोजायचं ते डिपस्टिकवर. सपाट जागा, इंजिन थंड, पट्टी पुसून पुन्हा घालून बघायची आणि दर पाचशे किलोमीटरला पातळी वहीत लिहायची. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचा फरक असतो. जळून आणि गळून मिळून हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर काम काढावं, असं माझं मत. तेराशे सीसीच्या मल्टिजेटमध्ये, म्हणजे डिझेल स्विफ्टच्या इंजिनात, तर सगळं मिळून ऑईलच तीन लिटरच्या आसपास असतं, तिथे दुर्लक्ष महागात पडतं.

तीन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी जोडावर) ऑईल पडून जळका वास येतोय, टायमिंग बेल्टच्या कव्हरमधून ऑईल झिरपतंय, किंवा चालू गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला. पहिल्यात आगीचा धोका आहे. दुसऱ्यात बेल्ट तुटून वॉल्व्ह वाकण्याचा. तिसऱ्यात गाडी जिथे असेल तिथे बाजूला घेऊन बंद. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणत बेअरिंग जाम करून घेतलेली इंजिनं गॅरेजात कमी येत नाहीत.

गळतंय ते इंजिन ऑईलच, हे कशावरून?

गाडीखाली रात्री पांढरा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बोट लावून बघा. डिझेलचं इंजिन ऑईल काजळीने लगेच काळं होतं, त्यामुळे काळं आणि बोटावर डाग सोडणारं म्हणजे बहुधा तेच. गिअर ऑईल जाड, मधासारखं आणि गंधकाच्या उग्र वासाचं. पॉवर स्टीअरिंगचं बहुतेक लालसर. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं, गोडूस वासाचं. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट, पातळ, बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेक ऑईल. मग बाकी सगळं सोडून आधी ते. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला स्वच्छ पाणी म्हणजे एसीचं, ते पडायलाच हवं.

डिझेलची गळती मात्र घोळ घालते. पंपातून किंवा पाईपातून डिझेल झिरपलं की ते इंजिनावरची जुनी घाण धुऊन खाली आणतं आणि थेंब काळाच पडतो. वास घ्या. आणि स्विफ्ट, इनोव्हासारख्या कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक पाईपातून दाबाने डिझेल जातं) डिझेलची गळती चालू इंजिनावर हात फिरवून शोधू नका. त्या पाईपात हजार बारच्या वर दाब असतो, सुईएवढी धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

मेस्त्री म्हणतात मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरं असेल का?

असेलही. (क्रँक सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची ऑईल अडवणारी रिंग.) पण हो म्हणण्याआधी स्वतः बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब पडतो म्हणून मागचं सील, हा निष्कर्ष घाईचा आहे. ऑईल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून पाझरलेलं ऑईल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बरोब्बर गिअरबॉक्सच्या घंटीपाशी (क्लच असतो त्या रुंद तोंडाशी) ठिबकतं. पाठीमागे लावलेला ऑईल स्विचही (ऑईलचा लाल दिवा लावणारा) हेच करतो. एकीकडे हाताने बदलता येणारं पॅकिंग, दुसरीकडे दिवसभराची मजुरी आणि जमलंच तर क्लच प्लेट. एवढा फरक असताना दोन तास शोधण्यात घालवणं परवडतं.

क्लच सुटायला लागला असेल, म्हणजे चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग धरत नाही, आणि घंटीच्या तळाच्या भोकातून ताजं काळं ऑईल येत असेल, तर मात्र मेस्त्रींचं बरोबर असण्याची शक्यता मोठी.

मग गळतीचं मूळ शोधायचं कसं?

या सगळ्या कामात डोकं लागतं ते इथेच. पाना फिरवणं त्यामानाने सोपं.

आधी इंजिन धुवा. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं अशक्य आहे. आपल्याकडे तर दोन प्रकारचा मळ बसतो. खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती ऑईलवर चिकटून लेप होते, आणि गोकाक-अथणीकडची काळी माती ऑईलसारखीच दिसते. थंड इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल ब्रशने चोळा, जाड थर लाकडी पट्टीने खरवडा, मग साबणाचं पाणी. पेट्रोल वापरू नका. त्याआधी अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि कॉमन रेल गाडी असेल तर वायरिंगचे सॉकेट प्लॅस्टिक पिशव्यांनी बांधून घ्या. वॉशिंग सेंटरला नेलं तर दाबाचं पाणी या जागांवर मारू देऊ नका. सुमो, क्वालिस, जुनी इंडिका यांत यांत्रिक पंप असल्याने भानगड कमी, नव्या गाड्यांत जास्त.

इंजिन पूर्ण वाळलं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकून द्या : टॅपेट कव्हरची कड, हेड आणि ब्लॉकचा सांधा, फिल्टरचं बूड, ऑईल स्विच, पुढच्या पुलीच्या मागे, चेंबरची (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याची) कड. बेल्ट उघडे असतील तिथे पावडर नको. मग इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं बघा. काही दिसलं नाही तर वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा, शक्य तर थोड्या चढाची. निपाणीकडच्यांना तवंदी घाट आहेच. परत आल्यावर मॅनिफोल्ड निवू द्या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पांढऱ्यावर काळी ओघळ स्वच्छ दिसते. त्या ओघळीचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक हेच मूळ. खालचं सगळं वाहत आलेलं.

मागच्या बाजूला डोकं शिरत नाही तिथे मोबाईलचा व्हिडिओ चालू करून हात आत घाला. छोटा आरसाही चालतो, पण मोबाईल बरा, नंतर थांबवून बघता येतं.

एकाच वेळी चार ठिकाणी ओल दिसली तर सगळ्यात वरची आधी दुरुस्त करा, पुन्हा धुवा, पुन्हा बघा. बहुतेक वेळा उरलेल्या तीनपैकी दोन गळती नव्हत्याच, असं निघतं.

नवं पॅकिंग टाकलं, महिन्यात परत गळायला लागलं. पॅकिंग बनावट होतं का?

असू शकतं, बाजारात तसला माल आहे. पण एकामागून एक सीलं जात असतील तर पॅकिंगला दोष देण्याआधी ब्रीदर बघा. हा भाग घरी काम करणारे सर्रास विसरतात, आणि गॅरेजातही घाईत राहून जातो.

पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा वायू सतत खाली चेंबरात उतरत असतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची वाट ठेवलेली असते. टॅपेट कव्हरपासून किंवा ब्लॉकपासून निघणारी जाड रबरी नळी, जी एअर फिल्टरकडच्या पाईपला जाते. ही नळी काजळीने चोंदली, ऑईलने मऊ होऊन आतून चिकटली किंवा कुठे दबली, की आतला दाब वाढतो आणि ऑईल जिथे सर्वात कमजोर जागा सापडेल तिथून बाहेर पडतं. तुम्ही एक सील बदललं की ते पुढच्या जागेतून निघतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम, आयडलवर. ऑईल टाकायचं झाकण सोडवून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. जुन्या डिझेलवर ते थोडं थरथरणारच. पण ते उडून पडत असेल आणि तोंडातून भकाभका धूर येत असेल तर दाब जास्त आहे. गाडी बंद करा, ब्रीदरची नळी काढा, तोंडाने फुंकून बघा, रॉकेलने धुवा, जाळीचा डबा असेल तर तोही, आणि पुन्हा तपासा. फरक पडला तर गळतीचं औषध फुकटात सापडलं. नळी मऊ पडली असेल तर नवी घाला, पण ऑईल सहन करणारी मागा. बागेच्या पाण्याची पाईप तिथे टिकत नाही.

नळी साफ असूनही झाकण उडत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. मग कितीही सीलं बदला, गळती परत येणार. एकतर इंजिनाचं काम करायचं, नाहीतर दर आठवड्याला ऑईल बघत गाडी चालवायची. दुसरा पर्याय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तो परवडतो.

एक गंमत इथेच सांगतो. काही गाड्यांत आधीच्या मालकाने ब्रीदरची नळी फिल्टरपासून काढून खाली रस्त्याकडे सोडलेली असते. तिच्या टोकातून ऑईल ठिबकतं आणि लोक चेंबरचं पॅकिंग बदलत बसतात. आधी त्या नळीचं टोक बघा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येईल का?

येतं. घरच्या कामांत सुरुवात करायची तर इथूनच. मल्टिजेटचा अपवाद, तिची वरची बांधणी वेगळी असते, तिथे हात घालू नका.

इंजिन थंड हवं. कव्हरभोवतीची घाण आधी ब्रशने आणि हवेने काढा, नाहीतर उघडताच वाळूचे कण थेट कॅमवर. वाटेतले पाईप, केबल काढायच्या आधी मोबाईलवर दोन-चार फोटो. बोल्ट बहुतेक दहा नंबरचे. ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर भोकं पाडून खोचून ठेवले तर लांबी-आखूडचा गोंधळ होत नाही. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हळू ठोका. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, ॲल्युमिनियमच्या सपाटीवर ओरखडा पडला की तिथून नवी गळती.

मग दोन्ही सपाट्या साफ. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढा आणि शेवटी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. तेलकट बोट लागलं की पुन्हा पुसा. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टच्या भोकांपाशी पत्रा आत दबलेला असतो, कारण कधीतरी कुणीतरी जोर लावलेला असतो. तो सपाट लोखंडावर ठेवून ठोकून सरळ करा. हे न केल्यामुळे नवं पॅकिंग वाया गेलेल्या गाड्या पुष्कळ. बोल्टखालचे रबरी वायसर कडक झाले असतील तर तेही बदला.

आवळताना मधून बाहेर, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत. अशा सहा मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण आठ ते दहा न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर छोटी रॅचेट डोक्याजवळ धरून नुसत्या मनगटाने आवळा. गळतंय म्हणून जुन्याच पॅकिंगवर बोल्ट आणखी आवळायचा मोह होतो. कडक झालेलं कॉर्क त्याने चिरतं आणि दोन दिवसांनी दुप्पट गळतं.

सिलिकॉन किती लावायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं. साचेबंद रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसतं. सिलिकॉन फक्त जिथे दोन भाग जुळून कोपरा होतो तिथे आणि अर्धगोल रबरांच्या टोकांना, वाटाण्याएवढं. सगळीकडे फासलं तर रबर घसरून बाहेर येतं.

चेंबरसारख्या ठिकाणी, जिथे कंपनीनेच पॅकिंगऐवजी सिलिकॉन दिलंय, तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं बाहेर दिसतं तेवढंच आतही निघतं. त्याचे तुकडे सुटून ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि मग गळती बरी होती असं वाटायची वेळ येते. लावल्यावर ऑईल भरायला एक रात्र जाऊ द्या. जुलैच्या दमट हवेत सिलिकॉन सुकेल का, असं विचारतात. साधं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच जमतं, तेव्हा दमटपणा चालतो. सपाटीवर पाण्याचा थेंब मात्र चालत नाही.

कागदी पॅकिंग मिळत नसेल तर पॅकिंगचा कागद आणून तो त्या भागावर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जा, आकार आपोआप कापला जातो. साईड प्लेट, थर्मोस्टॅट अशा ठिकाणी ही युक्ती उत्तम. हेड गॅसकेटला हा विचारसुद्धा करू नका.

ऑईल बदलून आणलं आणि त्याच संध्याकाळी धो-धो गळायला लागलं. काय झालं असेल?

जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत, दाब आला की सटकतात. फिल्टर काढला की बसायची जागा बोटाने चाचपून बघायची. नव्या रिंगेला ऑईलचं बोट लावायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि पुढे पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही. मल्टिजेटमध्ये कागदी फिल्टर आणि प्लॅस्टिकची टोपी असते. तिथे टोपीची रिंग दरवेळी नवी हवी, आणि टोपी जास्त आवळली तर तडकते.

दुसरा संशय ड्रेन नटवर. त्याचा वायसर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. तांब्याचा असेल आणि नवा हाताशी नसेल तर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं त्याने मऊ होतं आणि वायसर परत वापरता येतो. आटे गेले असतील तर नटावर टेप गुंडाळून भागवू नका. लेथवाला मोठ्या मापाचे आटे पाडून किंवा आत स्प्रिंगचे आटे बसवून देतो.

ऑईल स्विचच्या वायरच्या टोकातून ऑईल येतंय.

बदला. जुन्या गाडीतलं सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम. एकच काळजी घ्या : एका वायरच्या स्विचला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, म्हणून पांढऱ्या टेपचे वेढ्यावर वेढे मारू नका, नाहीतर दिवाच लागणार नाही. आणि हा दिवा न लागणं गळतीपेक्षा वाईट.

अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला ऑईल कसं काय?

इंडिका, सुमो, क्वालिस अशा गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरसाठी आपसूक व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून तो लागतो, आणि त्याला इंजिनाचंच ऑईल मिळतं. एक बारीक पाईप ऑईल आणतो, एक जाड नळी परत चेंबरात नेते. गळतं ते बहुतेक बारीक पाईपाच्या तांब्याच्या वायसरांतून किंवा कडक पडलेल्या परतीच्या नळीतून. दोन्ही घरी बदलता येतं. पंपाच्या आतलं सील गेलं तर ऑईल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन ब्रश लोण्यासारखे होतात आणि चार्जिंग बंद. मग अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा. पेडल दगडासारखं घट्ट लागलं तर व्हॅक्यूमची नळी नीट बसलेली नाही.

चोर्ल्याच्या रस्त्यावर चेंबर आपटला. तिथे काय करायचं आणि घरी काय?

कणकुंबीच्या पुढे पावसाळ्यानंतर हे होतंच. आवाज आला की थांबा, इंजिन बंद करा आणि खाली बघा. धार लागली असेल तर पुढे एक किलोमीटरही जाऊ नका, ट्रक थांबवून दोर बांधा. बारीक चीर असेल तर जागा डिझेलने, मग कोरड्या फडक्याने अगदी साफ करून एम-सील मळून दाबायचं आणि घट्ट व्हायला वेळ द्यायचा. तेलकट पत्र्यावर ते धरतच नाही. सोबत एक लिटर ऑईल ठेवावं हे त्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांना सांगायला नको.

घरी आल्यावर चेंबर उतरवायचाच. पत्र्याचा असेल तर वेल्डिंग करून पुन्हा सपाट करता येतो, ॲल्युमिनियमचा असेल तर आर्गन वेल्डिंग लागतं. बेळगावकरांना त्यासाठी लांब जायला नको, उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथची एवढी दुकानं आहेत. चेंबर आत दबला असेल तर ऑईल पंपाची जाळी त्याला टेकली नाही ना, हे बघितल्याशिवाय परत चढवू नका.

पुढच्या पुलीमागून ऑईल येतंय. सील बदलू का?

पुलीचा मधला बोल्ट प्रचंड आवळलेला असतो आणि इंडिका, क्वालिस, इनोव्हासारख्या बेल्टच्या इंजिनात टायमिंग बेल्ट सोडावा लागतो. बेल्ट एक दात इकडचा तिकडे झाला तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ज्याने आधी कुणाच्या तरी हाताखाली टायमिंग बांधलंय त्यानेच करावं. करायचं ठरलं तर क्रँकचं आणि कॅमचं सील, बेल्ट, टेन्शनर सगळं एकाच वेळी. ऑईल प्यालेला बेल्ट पुसून परत लावायचा नाही.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑईलकडे. काळ्या रबराच्या ओठाला ऑईल लावा. नव्या प्रकारच्या पांढरट टेफ्लॉनच्या ओठाचं सील मात्र कोरडंच बसवायचं. सीलच्या बाहेरच्या मापाचं पाईपाचं तुकडं घेऊन चारी बाजूंनी सारखं ठोका. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल, नखाला लागते ती, तर नवं सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर अलीकडे बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल.

टर्बोच्या पाईपात ऑईल आहे. टर्बो गेला?

पाईपाच्या आत ओलसर थर असणं ठीक, ब्रीदरचं ऑईल तिथूनच जातं. पाईप वाकडा केल्यावर ऑईल ओतलं जात असेल, निळा धूर निघत असेल, टर्बोची शिट्टी बदलली असेल, तर गडबड आहे. आधी टर्बोखालची परतीची नळी चोंदलेली नाही ना ते बघा. ती अडली की चांगला टर्बोही ऑईल फेकतो.

टर्बोतून ऑईल फार आत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर स्वतः पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही, आवाज वाढतच जातो, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. अशा वेळी गाडीत असाल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच झटकन सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. बाहेर असाल आणि हवा ओढणारं तोंड हाताशी असेल तर सपाट फळी त्यावर दाबा. हात नको, फडकंही नको, ते आत ओढलं जातं. तेही जमत नसेल तर लांब व्हा. इंजिन परत मिळतं.

मागचं सील आणि हेड गॅसकेट?

दोन्ही मेस्त्रींकडे. गिअरबॉक्स छातीवर घेऊन झोपण्याचं वय कुणाचंच नसतं.

जाड ऑईल किंवा गळती थांबवायचं औषध घातलं तर?

१५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातल्याने जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनात पाझर थोडा कमी होतो, आणि आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्याने सकाळी त्रासही होत नाही. टर्बो आणि कॉमन रेल गाडीत पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच ठेवा. औषधाच्या बाटल्या रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलला काही महिने त्याने आराम पडतो, फाटलेल्या पॅकिंगला काहीही होत नाही. गाडी विकायला काढलेल्यांचं ते आवडतं औषध आहे, म्हणून जुनी गाडी घेताना नुसत्या कोरड्या चेंबरवर भाळू नका. आणि गळतंय म्हणून वरच्या खुणेच्या वर ऑईल भरून ठेवणारे असतात. क्रँक त्यात आपटून फेस होतो आणि गळती वाढते.

गाडी वर कशावर घ्यायची? अंगणात जांभ्याचे चिरे पडलेत.

चिऱ्यावर नाही. जांभा वरून कितीही भक्कम दिसला तरी एका बिंदूवर वजन आलं की न सांगता फुटतो. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळेही तसेच. लोखंडी स्टँडची जोडी आणा किंवा सागाचे, बाभळीचे रुंद ओंडके आडवे-उभे रचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली झोपायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, गाडी एकदा हाताने जोरात हलवून बघा, मगच आत शिरा. पावसाळ्यात ओल्या मातीवर स्टँड रुततो, खाली जाड फळी द्या. घरात कुणालातरी सांगून ठेवा की तुम्ही गाडीखाली आहात.

पार्ट कुठून घ्यावेत?

जुना पार्ट हातात घेऊन जा. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, ती जुळली की गाडीचं नाव काहीही असू दे. बेळगावात न मिळालेली वस्तू निपाणी-संकेश्वरवाले कोल्हापुरात बघतातच. इंडिका-सुमोचं सामान अजून सहज मिळतं. पॅकिंग उन्हात टांगून ठेवलेल्या दुकानातून घेऊ नका, रबर विकत घेण्याआधीच म्हातारं झालेलं असतं.

पंधरा वर्षं झालीत, पासिंगला गळतीमुळे अडचण येईल का?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि गाडी आरटीओला दाखवावी लागते, मग ती केए-२२ (बेळगाव) असो की केए-२३ (चिकोडी). चेंबर ठिबकतोय अशी गाडी नेऊन तपासणाऱ्याला कारण देऊ नका. दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम इथे लागू नाही, तो प्रश्न मात्र दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

काढलेलं ऑईल काय करायचं?

गटारात, शेताच्या बांधावर किंवा मार्कंडेय नदीच्या काठी ओतायचं नाही. गावाकडे ते गाडीच्या कण्याला, कुंपणाच्या खांबांना लावतात, गुरांच्या जखमेवरही लावतात. शेवटचं तर मुळीच नको, त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑईल मोडतं. झाकणाच्या जुन्या कॅनमध्ये गोळा करा, त्यात पाणी, कूलंट, रॉकेल मिसळू नका, आणि ज्या गॅरेजकडून अधिकृत गोळा करणारा ऑईल नेतो तिथे देऊन टाका. इंजिन धुतलेलं रॉकेल वेगळ्या डब्यात. चार दिवसांनी गाळ खाली बसतो, आणि वरचं पुढच्या धुण्याला चालतं.